एक 'च' की दोन? भाषाविज्ञानाचा गृहपाठ अडतो कुठे आणि सुटतो कसा

भाषाविज्ञानाच्या पहिल्या सत्रात असा एक प्रश्न येतोच: 'पुढील सामग्रीतले दोन ध्वनी हे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत, की एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरं? सकारण लिहा.' खाली दहा-बारा शब्द दिलेले असतात. शब्द मराठी, लहानपणापासून तोंडात बसलेले. ज्याच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो तो ध्वनी म्हणजे स्वनिम, आणि त्याचेच जागेनुसार बदलणारे उच्चार म्हणजे स्वनांतरं, ही व्याख्याही पाठ असते. तरी दोन तास जातात आणि कागद कोराच राहतो.

चिडचिड होते ती यामुळेच. परकी भाषा असती तर 'येत नाही' म्हणून सोडून देता आलं असतं. इथे प्रत्येक शब्द येतो आणि उत्तर मात्र येत नाही. यात विद्यार्थ्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. बोलताना आपण नियम इतक्या सहज पाळतो, की तो पाळतोय हेच जाणवत नाही. गृहपाठात नेमका तोच नियम बाहेर काढून कागदावर मांडायचा असतो. हे काम व्याख्या आठवून होत नाही. त्याला एक रीत आहे आणि ती हाताने करावी लागते.

मराठीतला एक खरा प्रश्न घेऊन ती रीत शेवटपर्यंत पाहू. मराठीत 'च' या एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. 'चहा'मधला तालव्य आणि 'चोच'मधला दंततालव्य. 'ज' आणि 'झ'चंही तसंच. लिहिताना आपण फरक दाखवत नाही, म्हणून पुढच्या उदाहरणांत दंततालव्य उच्चाराखाली नुक्ता दिला आहे: च़, ज़, झ़. हिंदीतल्या नुक्त्याशी याचा संबंध नाही. सामग्री अशी:

मोज़ा – मोजे
पंज़ा – पंजे
दरवाज़ा – दरवाजे
उंच़ – उंची
च़ोच़ – च़ोची
काच़ – काचेच़ा – काचेची
भाज़णे – भाजी
माझ़ा – माझी – माझ्या
राजा – राजे
ज़ग (जगणे या क्रियापदाची आज्ञा) – जग (दुनिया)
वाच़ा (वाचणे या क्रियापदाची आज्ञा) – वाचा (वाणी)
ज़रा (थोडं) – जरा (म्हातारपण)

पुढे वाचण्याआधी हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. फरक कानाला पकडता येत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. ध्वनीचा शेवट लांबवा. 'च़' लांबवला की 'स' ऐकू येतो, 'च' लांबवला की 'श'. 'च़'च्या वेळी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी असतं. 'च'च्या वेळी जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो. हे जिभेचं सरकणं लक्षात ठेवा, उत्तराचं 'कारण' शेवटी तिथेच सापडणार आहे. तुमच्या घरच्या बोलीत एखादा शब्द वेगळा ऐकू येत असेल तर तो वहीत वेगळा टिपून ठेवा. गृहपाठाचं उत्तर मात्र दिलेल्या सामग्रीवरच द्यायचं असतं.

पहिली चूक होते ती अक्षर आणि ध्वनी एकच समजण्यात. देवनागरी लिपी उच्चाराच्या जवळ आहे हे खरं, आणि म्हणूनच ती फसवते. 'घर' या शब्दात अक्षरं दोन पण ध्वनी तीन: घ्, अ, र्. शेवटचा 'अ' आपण लिहितो, उच्चारत नाही. 'भाज़णे'मध्ये ज़ नंतर लगेच ण् येतो, मधला 'अ' तोंडातून बाहेरच पडत नाही. 'ज्ञ' लिहितो एक अक्षर, पण मराठी माणूस म्हणतो द्न्य. 'श' आणि 'ष' ही अक्षरं दोन, बहुतेकांच्या बोलण्यात ध्वनी एकच. अनुस्वार तर खास सांभाळायचा: 'अंक'मध्ये तो ङ् असतो, 'अंत'मध्ये न्, 'आंबा'मध्ये म्. चिन्ह एक, ध्वनी तीन. म्हणून प्रश्न हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक शब्द ध्वनी सुटे करून लिहिणं. 'मोजे' म्हणजे म्, ओ, ज्, ए. मात्रा हा स्वतंत्र ध्वनी आहे, तिला स्वतःची जागा द्या. हे केलं नाही तर पुढचा तक्ता चुकतो, आणि तक्ता चुकला की सगळंच चुकतं.

आता तो तक्ता. प्रत्येक शब्दासाठी तीन रकाने: आधीचा ध्वनी, आपला ध्वनी, नंतरचा ध्वनी. शब्दाची सुरुवात किंवा शेवट असेल तर तिथे # हे चिन्ह. 'मोज़ा' म्हणजे ओ, ज़, आ. 'मोजे' म्हणजे ओ, ज, ए. 'उंच़' म्हणजे न्, च़, #. 'च़ोची'ला दोन ओळी लागतील, कारण त्यात आपले ध्वनी दोनदा आलेत: #, च़, ओ आणि ओ, च, ई. सगळी सामग्री अशी उतरवायला वीस मिनिटं लागतात. बरेच जण ही वीस मिनिटं वाचवायला जातात आणि नुसतं शब्दांकडे पाहत राहतात. डोळ्यांनी नियम सापडणं ही क्वचित घडणारी गोष्ट आहे, तक्त्यात तो सापडतोच.

तक्ता झाला की आधीचा रकाना वाचा. ओ, आ दोन्ही गटांत आहेत, 'माझ़ा' आणि 'माझी'तही आधी 'आ'च आहे. म्हणजे आधीच्या ध्वनीचा फारसा हात नाही. तसं लिहून तो रकाना बाजूला ठेवा. नंतरच्या रकान्यात मात्र गंमत आहे. दंततालव्य ध्वनीनंतर काय येतं? आ, अ, ओ, ण्, आणि शब्दाचा शेवट. ई, ए किंवा य् एकदाही नाही. तालव्य ध्वनीनंतर ई, ए, य् भरपूर आहेत. पण 'राजा' आणि 'वाचा'मध्ये आ आहे, 'जग' आणि 'जरा'मध्ये अ आहे.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. पुस्तकात दोन कसोट्या दिलेल्या असतात. दोन ध्वनी कधीच एका परिसरात येत नसतील, एक जिथे येतो तिथे दुसरा येत नसेल, तर ते परिपूरक वितरण आणि ध्वनी एकाच स्वनिमाचे. उलट, फक्त त्या एका ध्वनीने अर्थ बदलणारी शब्दांची जोडी, म्हणजे लघुतम युग्म, सापडली तर स्वनिम दोन. मराठीच्या सामग्रीत विद्यार्थ्याला दोन्ही दिसतं. मोज़ा-मोजे पाहिलं की परिपूरक वितरण वाटतं, ज़ग-जग पाहिलं की लघुतम युग्म. मग वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं, आणि खोडरबर निघतो.

काही चुकलेलं नाही. सामग्री खरोखरच दोन गोष्टी सांगते आहे. त्या वेगळ्या कशा करायच्या हे कळायला, हेच ध्वनी दुसऱ्या भाषेत कसे वागतात ते आधी पाहू. जपानीत हे उच्चार आहेत, थोड्याफार फरकाने आपल्यासारखेच. 'लिहिणे' आणि 'वाट पाहणे' या दोन क्रियापदांची रूपं अशी:

काकानाइ (लिहीत नाही) – मातानाइ (वाट पाहत नाही)
काकिमासु (लिहितो, आदरार्थी) – माचिमासु
काकु (लिहितो) – माच़ु
काकेबा (लिहिलं तर) – मातेबा

डावीकडे मूळ स्पष्ट दिसतं: काक्. त्याला आनाइ, इमासु, उ, एबा हे तुकडे लागलेत. तेच तुकडे उजवीकडून काढा. उरतं काय? मात्, माच्, माच़्, मात्. आ आणि ए च्या आधी त्, इ च्या आधी च्, उ च्या आधी च़्. तिघांचे परिसर कुठेही एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणजे जपानीच्या जुन्या, स्वतःच्या शब्दांत हे तिन्ही ध्वनी एकाच 'त'ची स्वनांतरं आहेत. जपानी वर्णमालेच्या तक्त्यातही ती ओळ ता, चि, च़ु, ते, तो अशीच लावलेली असते. (अलीकडे इंग्रजीतून आलेल्या 'पार्टी'सारख्या शब्दांत जपानी लोक 'ति' असाही उच्चार करतात, त्यामुळे उसन्या शब्दांत हे चित्र बदलतं. गृहपाठात उसने शब्द मुद्दाम मिसळलेले असू शकतात, एवढं ध्यानात ठेवा.)

या तुलनेतून मिळणारी गोष्ट फार मोलाची आहे. ध्वनी स्वनिम आहे की नाही हे त्या ध्वनीच्या अंगात नसतं, ती भाषा त्याचा काय उपयोग करते यावर ते ठरतं. 'च आणि च़ वेगळे ऐकू येतात, म्हणून ते वेगळे स्वनिम' असं उत्तर गुण घालवतं, कारण जपानीतही ते वेगळेच ऐकू येतात.

आता परत मराठीकडे. ज़ग आणि जग, वाच़ा आणि वाचा, ज़रा आणि जरा. या जोड्यांत आधीचे-नंतरचे ध्वनी तेच आहेत आणि अर्थ वेगळे आहेत. दोन स्वनिम सिद्ध करायला अशी एक खरी जोडी पुरते. ती सापडली की पहिला प्रश्न तिथेच मिटला: मराठीत तालव्य आणि दंततालव्य हे वेगळे स्वनिम आहेत. मग मोज़ा-मोजेचं काय? तो दुसरा प्रश्न. ई, ए, य् यांच्या आधी दंततालव्य येऊच शकत नाही, तिथे या दोन स्वनिमांमधला फरक पुसला जातो. फरक इतर ठिकाणी जिवंत, या ठिकाणी पुसलेला. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

पुढचा टप्पा सगळ्यात गोड आणि सगळ्यात जास्त चुकणारा: मूळ रूप कोणतं? मोज़ा-मोजेमध्ये बदल झालाय हे दिसतं, पण 'ज़'चा 'ज' झाला की 'ज'चा 'ज़'? इथे अंदाज नको. दोन्ही शक्यता मांडा आणि दोन्ही तपासा.

पहिली शक्यता: मूळ तालव्य आहे, आणि आ, अ, ओ, ण् यांच्या आधी किंवा शब्दाच्या शेवटी त्याचं दंततालव्य होतं. हा नियम खरा असता तर 'राजा'चं 'राज़ा' व्हायला हवं होतं, वाणी या अर्थाची 'वाचा'ही 'वाच़ा' झाली असती. तसं होत नाही. शक्यता बाद.

दुसरी शक्यता: मूळ दंततालव्य आहे, आणि ई, ए, य् यांच्या आधी त्याचं तालव्य होतं. मोज़ा आणि ए मिळून मोजे, उंच़ आणि ई मिळून उंची, भाज़ आणि ई मिळून भाजी. 'राजा' मुळातच तालव्य, म्हणून राजा-राजे दोन्हीकडे तालव्यच. 'जग' दुनिया तालव्य, 'ज़ग' आज्ञा दंततालव्य, दोघांपुढे 'अ' आहे, नियम लागूच होत नाही. सगळी सामग्री बसली.

नियम झाला की तो सगळ्यात अवघड शब्दावर चालवून पाहायचा. इथे तो शब्द 'काचेच़ा'. तुकडे: काच़, ए, च़ा. पहिल्या च़ पुढे ए आला, म्हणून तो च झाला. दुसऱ्या च़ पुढे आ आहे, तो तसाच राहिला. 'काचेची'मध्ये शेवटी ई आली, तिथे दोन्ही तालव्य झाले. 'च़ोची'मध्ये मात्र फक्त दुसरा बदलला, कारण पहिल्याच्या शेजारी ओ आहे, ई बरीच लांब आहे. यावरून आणखी एक गोष्ट उत्तरात लिहिता येते: हा नियम फक्त लगतच्या ध्वनीकडे पाहतो. अशी एक ओळ लिहिणारा विद्यार्थी तपासणाऱ्याला लगेच दिसतो.

आणि 'कारण द्या' याचं काय? 'ई, ए, य् च्या आधी' ही नुसती यादी आहे. ती यादी अशीच का, हे सांगितलं की कारण झालं. ई, ए आणि य् म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे जातो. दंततालव्य ध्वनीची जीभ दाताशी असते, पुढच्या स्वरासाठी तिला टाळूकडे जायचंच असतं, ती आधीच तिकडे सरकते. 'पंज़ा' आणि 'पंजे' यांतला अनुस्वारही तसाच सरकतो, दाताजवळचा न् टाळूजवळचा ञ् होतो. ज्यांनी फक्त 'ई आणि ए' लिहिलं ते 'माझ्या'ला फसतात. ज्यांनी 'जीभ पुढे आणि वर नेणारे ध्वनी' असं लिहिलं त्यांच्या नियमात य् आपोआप येतो. नियम यादीने लिहू नका, यादीतल्या ध्वनींचं समान लक्षण शोधून लिहा.

पूर्ण उत्तर मोठं नसतं. साधारण असं: 'तालव्य आणि दंततालव्य हे मराठीत वेगळे स्वनिम आहेत, कारण ज़ग-जग आणि वाच़ा-वाचा ही लघुतम युग्मं आहेत. ई, ए, य् यांच्या आधी मात्र फक्त तालव्य येतं. मोज़ा-मोजे, उंच़-उंची यांत मूळ रूप दंततालव्य मानावं लागतं, कारण मूळ तालव्य मानलं तर राजा, वाचा (वाणी) या रूपांचा खुलासा होत नाही. नियम: दंततालव्य ध्वनी, लगेच पुढे टाळूकडे जाणारा स्वर किंवा य् आल्यास, तालव्य होतो. उदाहरण: काच़-ए-च़ा, काचेच़ा.' पाच वाक्यं. यात दावा आहे, पुरावा आहे, नाकारलेली शक्यता आहे, नियम आहे आणि तो चालवून दाखवलेला आहे. नाकारलेली शक्यता लिहायला विद्यार्थी लाजतात, 'हे चुकीचं होतं, मग कशाला लिहू' म्हणतात. ती लिहाच. मूळ रूप तुम्ही तर्काने ठरवलंत याचा तोच एक पुरावा असतो.

एखादा शब्द नियमात बसत नसेल तर घाईने 'अपवाद' म्हणू नका. आधी तो शब्द ध्वनी-ध्वनी करून पुन्हा उतरवा, निम्म्या वेळा चूक तिथेच निघते. मग तो उसना शब्द आहे का पाहा. मग त्यात दोन तुकड्यांचा सांधा कुठे आहे ते पाहा. एवढं करूनही बसला नाही तर बदलायचा तो नियम. दहांपैकी नऊ शब्दांना लागू होणारा नियम बरेचदा चुकीच्या दिशेने लिहिलेला असतो.

रूपविचाराच्या प्रश्नांत, म्हणजे शब्दांचे तुकडे पाडायच्या प्रश्नांत, रीत तीच, फक्त पाहायच्या गोष्टी वेगळ्या. अशा प्रश्नांत तुर्की भाषा हटकून भेटते, आणि ती आहेही तशीच देखणी:

एव – घर
एवलेर – घरं
एवदे – घरात
एविम – माझं घर
एवलेरिमदे – माझ्या घरांमध्ये
ओकुल – शाळा
ओकुललार – अनेक शाळा
ओकुलदा – शाळेत
किताप – पुस्तक
कितापलार – पुस्तकं
कितापता – पुस्तकात

पहिला नियम: ज्या दोन रूपांत एकाच गोष्टीचा फरक आहे ती शेजारी ठेवा. एव आणि एवलेर यांत फक्त अनेकवचन वेगळं, म्हणून लेर म्हणजे अनेकवचन. एव आणि एवदे, म्हणून दे म्हणजे 'आत'. एवलेरिमदे या लांबलचक शब्दापासून सुरुवात करणं हा वेळ घालवायचा हमखास मार्ग आहे. तो शेवटी आपोआप सुटतो: एव-लेर-इम-दे. मराठी डोक्याला इथे 'माझ्या' हा शब्द पुढे, सुटा हवा असतो. तुर्कीत तो मधे येतो, अनेकवचनानंतर. अर्थाच्या मराठी क्रमावर विसंबून तुकडे पाडले की ते चुकतात.

दुसरं, लेर आणि लार. तक्ता करा. शेवटचा स्वर ए असेल तर लेर, उ किंवा आ असेल तर लार. 'दात' म्हणजे दिश, अनेकवचन दिशलेर, म्हणजे इ सुद्धा लेरच्या बाजूची. जीभ पुढे असणाऱ्या स्वरांना पुढचा प्रत्यय, मागे असणाऱ्यांना मागचा. जिभेची तीच जागा, जी मराठीच्या 'मोजे'त पाहिली. दे आणि दाचंही तसंच. पण कितापता? इथे दा नसून ता आहे, कारण आधीचा प् अघोष आहे, म्हणजे तो म्हणताना कंठ थरथरत नाही, आणि त्यामुळे द् चा त् झाला. आता परीक्षक विचारतो: 'पुस्तकांमध्ये' कसं म्हणाल? 'पुस्तकाला ता लागतं' असं पाठ करून ठेवणारा कितापलारता लिहितो. बरोबर उत्तर कितापलारदा, कारण आता द् च्या शेजारी प् उरला नाही, र् आला, आणि र् घोष आहे. इथेही नियम लगतच्या ध्वनीकडेच पाहतो.

वाक्यविचाराच्या गृहपाठात मराठी विद्यार्थ्यांना हमखास येणारा प्रश्न: भूतकाळी क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं? शाळेतला कर्मणी प्रयोग आठवतो आणि उत्तर सोपं वाटतं: 'ने असेल तर कर्माप्रमाणे.' मग 'मी गोष्ट वाचली' हे वाक्य समोर येतं. बोलणारा पुरुष असला तरी 'वाचली'च. 'मी'ला ने नाही, तरी क्रियापद गोष्टीप्रमाणे. आणि 'तू गोष्ट वाचलीस' तर आणखी सुंदर आहे. 'ई' आली गोष्टीकडून, कारण 'तू धडा वाचलास', 'तू पुस्तक वाचलंस'. शेवटचा 'स' मात्र 'तू'कडून आला. एकच क्रियापद एका वेळी दोघांशी जुळवून घेतंय.

असं वाक्य लिहून दाखवायची पद्धत ठरलेली आहे, लाइपझिगच्या नावाने ओळखले जाणारे नियम सगळीकडे चालतात. पहिली ओळ मूळ वाक्याची, तुकडे आडव्या रेघेने तोडून: तू गोष्ट वाच-ल-ई-स. दुसरी ओळ प्रत्येक तुकड्याच्या अर्थाची: तू गोष्ट वाच-भूत-स्त्री.एक-तू. तिसरी ओळ सरळ अनुवादाची. पहिल्या दोन ओळींत शब्दागणिक रेघा सारख्याच असायला हव्यात. इथे वर तीन, खाली तीन. एका तुकड्यात दोन अर्थ असतील तर त्यांच्यामध्ये रेघ न देता टिंब द्यायचं, जसं 'स्त्री.एक'. गुण कापले जातात ते बहुतेक या रेघा मोजल्या नाहीत म्हणून, आणि मोजायला अर्धा मिनिट लागतो.

या प्रश्नात उदाहरण निवडतानाच चूक होते. 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य काहीच सिद्ध करत नाही, कारण राम आणि आंबा दोन्ही पुल्लिंगी. 'सीतेने आंबा खाल्ला' आणि 'रामाने पोळी खाल्ली' घ्या, करणारा आणि कर्म यांचं लिंग नेहमी वेगळं ठेवा. मग कर्माला 'ला' लावून पाहा: 'तिने मुलाला पाहिलं', 'तिने मुलीला पाहिलं'. क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. मग 'ती धडा शिकली', 'तो गोष्ट विसरला', 'ती पाणी प्यायली' ही वाक्यं घ्या. कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी क्रियापद करणाऱ्याप्रमाणे. अशी मोजकी क्रियापदं आहेत, ती यादी करून उत्तरात वेगळी दाखवायची. लपवायची नाहीत.

वेळेबद्दल एक गोष्ट. शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड 2003 साली बल्गेरियात सुरू झाली, 2016 साली ती म्हैसूरला भरली होती. तिच्या वैयक्तिक फेरीत 5 प्रश्न आणि 6 तास असतात. म्हणजे देशोदेशींच्या निवडक मुलांनाही एका प्रश्नाला तासाहून जास्त वेळ दिला जातो. चाळीस मिनिटं अडकून बसणं हे या विषयात कामाचाच भाग आहे. मात्र त्या चाळीस मिनिटांत हात चालू हवा. तक्ता पूर्ण नसेल तर तो करा. तक्ता आहे पण नियम दिसत नसेल तर रकाना बदला: नंतरच्या ध्वनीऐवजी आधीचा, मग शब्दातली जागा, मग शब्दाचा सांधा. तरीही नाही, तर सगळ्यात छोटे दोन शब्द घेऊन फक्त त्यांच्यातला फरक एका वाक्यात लिहा.

शिक्षकांना विचारायला जाताना 'मला काहीच समजलं नाही' असं म्हणू नका, त्यावर कोणालाच मदत करता येत नाही. तक्ता सोबत न्या आणि नेमका शब्द दाखवा: 'माझा नियम बहुतेक शब्दांना लागू होतो, राजाला होत नाही, मी मूळ रूप तालव्य धरलंय.' एवढं वाक्य तयार करता करताच अनेकदा 'मूळ रूप उलटं धरून पाहू का' हा प्रश्न मनात येतो, आणि शिक्षकांच्या खोलीपर्यंत जायची गरज उरत नाही.